कुंद्यावरचं जनावर

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीला गेलो आणि तिसऱ्याच दिवशी मला वेड लागायची वेळ आली. सासुरवाडीत जावयाने इकडची काडी तिकडे करायची नाही, ही आमच्याकडची रीत. ती ज्याने घातली त्याला स्वतःला बहुतेक कसलंच काम येत नसावं. मी पाण्याचा तांब्या उचलायला वाकलो की सासूबाई, ज्यांना मी मामीजी म्हणायचो, चुलीपासून धावत यायच्या. बैलांपुढे कडबा टाकायला उठलो की शेजारचे दोघे येऊन मला धरून पुन्हा खाटेवर बसवायचे. खायचं, बसायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने "कवा आले जवाईबापू?" विचारलं की तेच उत्तर द्यायचं. एकाच म्हाताऱ्याला मी ते उत्तर एका दिवसात चारदा दिलं. पाचव्यांदा तो येताना दिसला तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं.

या रीतीला जोडून आणखी एक रीत आहे. जावयाला कोणी काही बोलायचं नाही. तो भाकरीला नावं ठेवो, दुपारभर घोरो, सगळ्यांनी कौतुकाने हसायचं. पुढचा सगळा घोटाळा झाला तो या दुसऱ्या रीतीमुळे. मला कोणी वेळेवर एक शिवी हासडली असती तरी पुष्कळ झालं असतं.

मी तेव्हा आदिलाबादला एका उस्तादांकडे कामाला होतो. ते बंदुका दुरुस्त करत आणि मी कुंदे. कुंदा म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, ज्याचं मागचं टोक खांद्याला टेकवतात. आमच्या घरात सगळे वखर धरणारे, मी एकटाच रंधा धरणारा निघालो, त्यामुळे माझे वडील मरेपर्यंत लोकांना सांगत की पोरगं शहरात लाकूड खरडून राह्यलं. पण मला त्या खरडण्याचा फार गर्व होता. कुंद्याच्या मानेवर, जिथे मूठ आवळते, तिथे बारीक तिरप्या रेघा कापायच्या, मग त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या रेघा कापायच्या, की मधे शंकरपाळ्यांच्या आकाराचे बारीक उंचवटे उरतात. उस्ताद त्याला जाळी म्हणत. घामेजल्या हातातून बंदूक सुटू नये म्हणून ती असते. बोटाला ती जाणवली पाहिजे, पण बोचली नाही पाहिजे.

त्यासाठी एक छोटीशी करवत लागते, दातांच्या दोन ओळी असलेली. एक ओळ आधी कापलेल्या रेघेत चालते, दुसरी तिच्या शेजारी नवी रेघ पाडते. त्यामुळे पहिली रेघ सरळ तर सगळ्या सरळ. पहिली वाकडी गेली तर बाकीच्या मेंढरांसारख्या तिच्यामागे जातात आणि मग लाकूड चुलीत घालण्यावाचून इलाज उरत नाही. लाकूडही शिसवीच हवं, सागावर जाळीची टोकं झडतात. शेवटी जवसाचं तेल चोळायचं, तळहाताने, लाकूड गरम होईपर्यंत. मी चोवीस वर्षांचा होतो आणि वाकडी रेघ दिसली की मला तिडीक यायची. दुसऱ्याच्या घरातली वाकडी खुंटीसुद्धा मला सहन होत नसे.

अशा माणसाला त्या घरात रिकामं बसवलं होतं, आणि समोरच्या भिंतीवर सासऱ्यांची बंदूक टांगलेली होती.

सासरे, म्हणजे मामाजी, पाच-पंचवीस एकर ज्वारी-कापसाचे शेतकरी. बंदूक जुनी भरमार होती, नळीच्या तोंडातून दारू ठासायची ती. तिच्यावर नंबर नाही, कारखान्याचा शिक्का नाही, कोण्या लोहाराने घडवली देव जाणे. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं येत, तेव्हा तिचा बार काढायचा, एवढंच तिचं काम. मामाजींनी आयुष्यात त्या बंदुकीने एकच नेम साधला होता, आणि ते शेजाऱ्याचं बुजगावणं होतं. पण आवाज मोठा दणदणीत होता. ज्या वर्षी पोलीस ॲक्शन झालं आणि सगळ्यांच्या बंदुका कचेरीत जमा झाल्या, त्या वर्षी डुकरांनी दोन दिवसांत अर्धी ज्वारी लोळवली, असं मामाजी सांगत. पुढे कचेरीतल्या पेशकाराने, म्हणजे कारकुनाने, प्रत्येक बंदुकीचं वर्णन उर्दूत लिहून घेतलं आणि लायसन देऊन बंदुका परत केल्या. तेव्हापासून मामाजींचा बंदुकीवर फार जीव होता.

चौथ्या दिवशी सगळे बेल्याच्या बाजाराला गेले. घरात मी एकटा, आणि माझी हत्यारांची पिशवी. सासुरवाडीला जाताना हत्यारं नेऊ नयेत, असं बायकोने बजावलं होतं. मी ती धोतरात गुंडाळून नेली होती. बंदूक उतरवली. कुंदा शिसवी होता, पण वर्षानुवर्षांचा मळ बसलेला. मानेला जाळी नाही. आणि उजव्या अंगाला, मागच्या रुंद भागावर, कसलेतरी ओरखडे होते, वेडेवाकडे, खोल. मला वाटलं उंदरांनी कुरतडलं असेल, नाहीतर कोणी त्यावर ठेवून सुपारी फोडली असेल. मला तिडीक आली. मी रंधा लावला. चांगलं दोन सूत लाकूड गेलं तेव्हा कुठे सगळे ओरखडे निघाले. मग काचेच्या तुकड्याने खरवडून इतकं गुळगुळीत केलं की माशी घसरावी.

संध्याकाळी मंडळी परत आली. मी बंदूक मांडीवर घेऊन बसलो होतो, शाबासकीची वाट पाहत. मामाजींनी ती हातात घेतली. उजव्या अंगावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, मग अंगठ्याने काहीतरी चाचपलं. मामीजी त्यांच्या मागे उभ्या होत्या, त्या तशाच आत गेल्या. मामाजी म्हणाले, "गुळगुळीत झाला." एवढंच. मला वाटलं त्यांना भरून आलं. बायकोने काही बोलायला तोंड उघडलं, तर आतून तिच्या आईची हाक आली. जेवताना माझ्या भाकरीवर लोण्याचा इतका मोठा गोळा पडला की मी समजलो, हे लोक माझ्यावर बेहद्द खूष आहेत. दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस बसून मी कुंद्याच्या मानेला जाळी काढून दिली. तितकी सुबक जाळी मी पुन्हा काढली नाही. त्या दोन दिवसांत मला कोणी अडवलं नाही आणि तो म्हाताराही काही विचारायला आला नाही.

त्याच सुमाराला राज्यांची नव्याने आखणी झाली. किनवट पलीकडच्या मराठी मुलुखात गेलं, आम्ही अलीकडे तेलुगू राज्यात राहिलो. शेतं तीच, नदी तीच, पण कचेरीतले साहेब समुद्राकडचे तेलुगू आले आणि भिंतीवरच्या पाट्या बदलल्या. मग बंदुकांची दवंडी पिटली गेली. ज्याच्याकडे बंदूक असेल त्याने ती जुन्या लायसनसकट साहेबापुढे आणावी, कागदाशी ताडून पाहतील आणि नवीन लायसन देतील, असं. हे मला आदिलाबादला कळलं नव्हतं. मला कळलं ते एवढंच की बसने आलेल्या एका माणसाने निरोप आणला, जवाईबापूंनी हत्यारं घेऊन ताबडतोब यावं.

मी काय समजावं? मी समजलो की माझ्या जाळीची कीर्ती गावात पसरली आणि आता दोन-चार पाटलांना आपापल्या बंदुकीवर तशीच जाळी हवी आहे. मी उस्तादांची रजा घेतली आणि बायकोला सोबत घेऊन, दोन जादा करवती पिशवीत टाकून निघालो. बसमध्ये मी मनातल्या मनात कोणाला आधी घ्यायचं आणि कोणाला थांबवायचं, हे ठरवत होतो. मी एवढा खुशीत का आहे, असं बायकोने विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो.

ओसरीवर पटवारी बसले होते. गावात उर्दू वाचणारे ते एकटेच उरले होते. त्यांच्या हातात मामाजींचं जुनं लायसन होतं. मामाजी भिंतीला टेकून बसले होते आणि चेहरा उतरलेला होता. मी बसल्यावर पटवाऱ्यांनी माझ्यासाठी कागद पुन्हा वाचला. नळीची लांबी अमुक. घोडा एका बाजूला कललेला. कुंदा शिसवी. आणि कुंद्याच्या उजव्या बाजूला एक जनावर कोरलेलं, कोणतं ते समजत नाही.

"आतां कागदात जे दर्ज हाय, ते मालावर पाह्यजे," पटवारी म्हणाले. "नसन, त ही बंदूक ते बंदूक नोहे. मंग बिनालायसनची समजतेत, अन् जप्त."

मी विचारलं, कसलं जनावर? मी तर तिथे जनावर पाहिलं नाही.

शेवटी माझ्या बायकोला राहवलं नाही. जावयाला न बोलण्याची रीत जावयाच्या बायकोला लागू नसते. "मोर होता थो," ती म्हणाली. "बाबानं कोरला होता. आई या घरी आली त्या साली. अन् तुमी त्याच्यावर रंधा फिरवला."

मग सगळं ऐकायला मिळालं. मामीजींचं माहेर उटनूरकडचं, रानातलं. तिथे सकाळी अंगणात मोर येत. लग्न होऊन त्या या काळ्या मातीच्या सपाटीवर आल्या आणि इथे मोर नाहीत म्हणून त्या महिनाभर रडल्या. तेव्हा मामाजींनी घरात जे चांगलं लाकूड होतं त्यावर, म्हणजे बंदुकीच्या कुंद्यावर, चाकूने मोर कोरून दिला. मामाजींनी तोवर मोर जवळून पाहिलेला नव्हता. त्यांनी पाहिला होता तो दिवाळीच्या दंडारी नाचात गुसाडीचं सोंग घेतलेल्या गोंडाच्या डोक्यावरचा मोरपिसांचा टोप. त्यांनी तो टोप कोरला आणि त्याला दोन पाय काढले. तीस वर्षं घरात सगळे त्याला मोर म्हणत आले होते.

मला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मला वाटत होतं की मामाजींना दुःख झालंय ते मोर गेल्याचं. तसं नव्हतं. मोर गेल्याचं त्यांनी गिळलं होतं. जावयाने केलं म्हणून गिळलं होतं. त्यांना लागलं होतं ते कागदातलं वाक्य. ते त्यांनी पटवाऱ्यांकडून तीनदा वाचून घेतलं. "समजत नाही म्हंजे?" ते म्हणत होते. "त्या पेशकाराले चष्मा नसन." कोणी त्यावर मान डोलावली नाही, हे मी पाहिलं.

साहेब बेल्याला यायला दहा दिवस होते. मी छाती ठोकून सांगितलं की आज संध्याकाळपर्यंत मोर कोरून देतो. त्यावर पटवारी म्हणाले की मोर चालणार नाही. साहेबाने पाहिलं आणि म्हणाला मोर, की कागद चुकला. तो म्हणाला कोंबडी, तरी कागद चुकला. साहेबाला समजलं नाही पाहिजे, पण ते जनावर आहे एवढं मात्र समजलं पाहिजे. सरकारी कागदाची अशी अट मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही.

मी शिसवीच्या फळ्या घेऊन बसलो. पहिल्या दिवशी कोणालाही न कळणारं जनावर म्हणून जे कोरलं, ते पाहून शेजारी म्हणाला, अस्वल आहे आणि फार छान आहे. दुसरं केलं ते रानडुक्कर निघालं. तिसऱ्याला मी मुद्दाम पाच पाय काढले, तर सगळे म्हणाले की पाय एक जास्त झाला, पण म्हैस पटवाऱ्यांचीच आहे. मग मी डाव्या हाताने कोरलं, त्यातून हरीण झालं, शेपटीसकट. डोळे मिटून कोरलं, त्याला अख्ख्या गावाने एकमुखाने विंचू म्हटलं. माझा संताप संताप झाला. इतकी वर्षं ज्या हाताला वाकडं जाऊ नको म्हणून शिकवलं, तो आता वाकडा जायलाच तयार नव्हता. मी फळ्या भिरकावून दिल्या. शेजाऱ्याने अस्वल उचलून घरी नेलं आणि दारावर ठोकलं.

पाचव्या दिवशी मी बसने आदिलाबादला उस्तादांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, हसून हसून त्यांना ठसका लागला, डोळे पुसले, मग गंभीर झाले. "बेटा, टेढ़े हात को सीधा करना मेरे कू आता," ते म्हणाले. "सीधे को टेढ़ा करना नक्को बोल." आणि त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं.

परत आलो तेव्हा मामीजी ओसरीत शेंगा फोडत होत्या. मी जवळ बसलो आणि सरळ कबूल केलं की हे माझ्याच्याने होत नाही, मला माफ करा. त्या शेंगा फोडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्यानं केला होता त्यालेच करू द्या ना."

हे कोणाला आधी का सुचलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पण मामाजी ऐकेनात. नजर गेली, हात कापतो, आता जमणार नाही. खरं कारण वेगळं होतं, सगळ्यांना समजत होतं. त्यांना बोलावणं आलं होतं ते मोर कोरायला नव्हे, तर न समजणारं जनावर कोरायला. दोन दिवस ते शेतातून जेवायलाही घरी आले नाहीत. शेवटी मामीजी स्वतः शेतात जाऊन काहीतरी बोलल्या. परत येऊन मामाजी माझ्यासमोर बसले आणि म्हणाले की कोरतो, पण मोर कोरीन. दुसरं काही कोरणार नाही, आणि मन लावून कोरीन. कोणाला समजेल न समजेल, ते साहेबावर. मी म्हणालो, तसंच करा.

ते एक दिवस आणि एक सकाळ बसले. मी त्यांना पटाशा धार लावून दिल्या आणि लगेच पस्तावलो, कारण हत्यार चांगलं असलं की काम चांगलं होतं. म्हणून मी पिशवीतल्या दुसऱ्या दोन बोथट पटाशा पुढे सरकवल्या. मामाजी जीभ दातात धरून कोरत होते. मधेच थांबून मला विचारायचे, "मान बराबर आली का, जवाईबापू?" मान बरोबर आली नव्हती. ती तांब्याच्या तोंडासारखी दिसत होती. दोन चिरा दिल्या असत्या तर ती सुधारली असती, माझी बोटं शिवशिवत होती. मी म्हणालो, बराबर आहे. पुन्हा विचारलं, पाय? पायही मी बराबर म्हणालो. कारागिराने असं खोटं बोलू नये. एक भाबडा म्हातारा माझ्यावर विश्वास ठेवून चुकत चालला होता आणि मी मान डोलावत होतो. मला त्या दोन दिवसांत स्वतःची इतकी किळस आली की मी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवलो नाही.

झाल्यावर मामीजींना बोलावलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मोर." मामाजींनी मान हलवली, जवसाचं तेल चोळलं आणि बंदूक गोणपाटात गुंडाळली. मी तो मोर सगळ्या बाजूंनी पाहिला होता. बंदूक वाचली, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंडी जुंपून बेल्याला गेलो. साहेब शाळेत उतरले होते. मास्तरांच्या टेबलामागे बसलेला तो तरुण साहेब, नाकावर चष्मा, शेजारी उर्दू वाचणारा पेशकार, आणि कोपऱ्यात न जुळलेल्या बंदुकांचा ढीग. आमच्या पुढच्या दोघांच्या बंदुका त्या ढिगात गेल्या. त्यातला एकजण बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होता.

आमची पाळी आली. पेशकाराने कागद वाचून तेलुगूत सांगितला. नळी मोजली, जुळली. घोडा कललेला, जुळला. मग साहेबाने कुंदा उजेडाकडे धरला. चष्मा वर सरकवला.

"नेमलि कदा?" साहेब म्हणाला.

आमच्या बाजारात सगळ्यांना एवढं तेलुगू येतं. मोर आहे ना, असं तो विचारत होता. मी मामाजींकडे पाहिलं. तीस वर्षांत घराबाहेरच्या एका माणसाने पहिल्यांदा तो मोर ओळखला होता, आणि तोही साहेब. मामाजींचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे पाहावं लागलं.

पण पेशकार कागदावर बोट ठेवून सांगू लागला की इथे तर लिहिलंय समजत नाही. साहेबाला तर समजलं. मग ही बंदूक ती नव्हे. साहेबाने खांदे उडवले आणि पेशकाराने बंदूक उचलून ढिगाकडे पाऊल टाकलं.

"थांबा साहेब," मामाजी म्हणाले.

ते टेबलाजवळ गेले आणि बंदूक पेशकाराच्या हातातून घेऊन त्यांनी ती साहेबापुढे आडवी ठेवली. "मोर नोहे साहेब हा," ते म्हणाले. "मान पाहा. मोराची मान अशी अस्ते का? हे त लोट्याचं तोंड हाय." पेशकाराने तेलुगूत सांगितलं. साहेबाने मान पाहिली. "पाय पाहा. कोंबडीचे पाय याच्यापरीस बरे." साहेबाने पाय पाहिले. "पिसारा नाही साहेब, खराटा हाय. अन् हा तुरा, हा त टोपी घातल्यावानी बसला. डोळा बी मानेवर आला. मोर असा नस्ते. हे काय हाय, कोनालेच समजत नाही."

प्रत्येक वाक्याला पेशकार भाषांतर करत होता आणि प्रत्येक वाक्याला साहेब तिथे तिथे वाकून बघत होता. मी तिथे उभा राहून ऐकत होतो. जे दोष मी दोन दिवस मोजले आणि गिळले होते, तेच होते, त्याच क्रमाने. डोळा मानेवर आलाय हे तर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मामाजींना सगळं दिसत होतं. माझ्याहून जास्त दिसत होतं. आणि मी त्यांना भाबडा समजून त्यांची कीव करत होतो.

साहेबाने पुन्हा एकदा कुंदा पाहिला, मग बराच वेळ मामाजींकडे पाहिलं. मग त्याने लेखणी उचलली आणि काहीतरी लिहून शिक्का मारला. पेशकार आम्हाला म्हणाला, "वहीच जानवर है. कौनसा है, मालूम नहीं होता."

परत येताना मी बंडीत मामाजींच्या शेजारी बसलो होतो. बाजार मागे पडल्यावर मी म्हणालो की माझं चुकलं, रंधा फिरवला तेही आणि बराबर म्हणालो तेही. ते हसले. "मले काय दिसत नाही का?" ते म्हणाले. "तवाबी दिसत होतं. कोरून झाला, मनात म्हनलं, बिघडला. तरी तिले नेऊन दाखवला. ती म्हने, मोर." त्यांनी बैलांना हाकारलं. "मंग म्या काऊन नाही म्हनू?"

घरी पोचलो तेव्हा मामीजी दारातच उभ्या होत्या. बंदूक आमच्या हातात आहे हे त्यांनी पाहिलं, पण बंदुकीचं काही विचारलं नाही.

"काय म्हने साहेब?" त्यांनी विचारलं.

"म्हने, मोर हाय," मामाजी म्हणाले आणि बैल सोडायला गेले.

मामीजींनी माझ्याकडे पाहिलं. "पाह्यल्याबराबर म्हने?"

"पाह्यल्याबराबर," मी म्हणालो.